डाव्या हातासाठी मागवलेले बारा क्लॅम्प

प्रिय ठमे,

तू पाठवलेलं खोकं मागच्या सोमवारी पोचलं. बारा क्लॅम्प, तीन प्रकारचे, प्रत्येकी चार. एकही तुटका नाही, एकही कमी नाही. सोबत तुझी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीमागे कोष्टक: कोणता क्लॅम्प, बाबांना डाव्या हाताने उघडता आला का, बंद करता आला का, किती वेळ लागला. खाली तू लिहिलं होतंस, की यातला एक जरी प्रकार बाबांना जमला तर वर्कशॉप ठेवू, नाहीतर महिनाअखेर बंद करून टाकू, उगाच ओढत बसण्यात अर्थ नाही. कोष्टक भरून फोटो पाठव म्हणालीस. मी ते भरलेलं नाही. त्याऐवजी पत्र लिहिते आहे आणि ते जरा लांबणार आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. आपण फोनवर बोलतो तेव्हा बाबा शेजारच्या खुर्चीत असतात, आणि तू बाबांपासून सुरू करतेस आणि बाबांपाशीच संपवतेस. मध्ये मी, तुझी आई, असते ती फोन धरायला.

आधी क्लॅम्पबद्दल सांगते, कारण तू मेहनत घेतली होतीस हे मला दिसतं. व्हिडिओवर मला पट्टी धरायला लावून बेंचच्या खाचेची रुंदी मोजून घेतलीस. मी म्हटलं, आठ मिलिमीटर आहे गं, मला पाठ आहे. तर म्हणालीस, तू धर तर खरी. मग बाबांच्या डाव्या पंजाचं माप घेतलंस, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीपर्यंत, आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे नमुने तुलना करून मागवलेस. तुझ्या ऑफिसातले लोक तुला उगीच मानत नाहीत.

तू घर सोडलंस तेव्हा बेंचला जुना लाकडी पाट होता, म्हणून आता तिथे काय आहे ते नीट सांगते. पाट काढून आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्याआडव्या बसवल्या, प्रत्येकीला लांबीभर खाच. खाचेत नट सरकतो. त्यावर लाकडी आडणी, म्हणजे आडवा लांबट ठोकळा, ठेवायची आणि वरून बोल्ट आवळायचा. अशा आडण्यांच्या चौकटीच्या दोन बाजू कायमच्या पक्क्या आहेत आणि दोन सरकत्या, म्हणजे चार बोल्ट. मधल्या चौकोनात खणाच्या चार फळ्या गोंद लावून बसवायच्या आणि आडण्यांनी दाबून धरायच्या. खण म्हणजे तेच आपले संग्रहालयाचे, फुलपाखरं आणि किडे टाचणीने लावून ठेवायचे चपटे खण, वर काचेचं झाकण. काटकोन केसभर चुकला की झाकणाचा एक कोपरा उघडा राहतो, आणि तेवढ्या फटीतून जिवंत कीड आत शिरून मेलेली कीड खाऊन टाकते. संग्रहालयाच्या बाई एकदा म्हणाल्या, शंभर वर्षांपूर्वीचा एक भुंगा असाच गेला, खाली फक्त टाचणी आणि नाव लिहिलेली चिठ्ठी उरली.

खणांची मापं तीन. एका मापावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे चार बोल्ट किल्लीने सैल करा, आडण्या सरकवा, काटकोन जुळतो का ते गुण्या लावून बघा, आवळा, आवळताना हललं म्हणून पुन्हा सैल करा. वीस मिनिटं जातात, आणि बांधणीच्या दिवशी असं चार वेळा होतं. एका हाताने आडणी धरायची आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची, म्हणून उजवा हात गेलेल्या माणसाला ते अशक्य. तुझा हिशोब बरोबर होता. चटकन सुटणारा क्लॅम्प असला तर एका हातानेही भागेल.

मंगळवारी बाबांना वर्कशॉपमध्ये आणलं. मी त्यांना एप्रन बांधला. खरं म्हणजे तो माझा होता, त्यांचा कुठे ठेवलाय ते आम्हा दोघांनाही आठवेना. तुला वाटत असेल ते रोज सकाळी तासभर मागे जाऊन बसतात. फोनवर ते तुला तसंच सांगतात, 'चाललंय हळूहळू, थोडं थोडं करतो.' ठमे, अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत ते वर्कशॉपमध्ये अकरा वेळा आले. नऊ वेळा संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या म्हणून दाखवायचा खण निवडायला, एकदा दिवे गेले होते तेव्हा मला हाका मारत, आणि एकदा मंगळवारी.

पहिला क्लॅम्प गोल मुठीचा. मूठ फिरवून आवळायचा. बाबांची बोटं तिच्याभोवती बसली पण मनगट फिरेना. दुसरा दांडीचा. दांडी उचलली की सैल, दाबली की पक्का. तो त्यांना तिसऱ्या प्रयत्नात जमला. तिसरा लाल दांड्याचा, पक्कडीसारखा कटकन बसणारा, तो तर पहिल्याच फटक्यात. मला म्हणाले, 'बघ, अजून आहे जोर.' मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी तिन्ही प्रकार आळीपाळीने लावले, चौकटीत खण बसवला आणि फळ्या सांध्यात बसायला लाकडी हातोडीने ठोकल्या. प्रत्येक वेळी आडणी सरकली. कधी दोन मिलिमीटर, कधी तीन. बारापैकी एकही क्लॅम्प टिकला नाही. बाबा खुर्चीवर मागे टेकले आणि म्हणाले, 'खेळणी आहेत ही. दिसायला छान. ठमीला कळव, नाही चालत.' मी तो वाकडा खण हातात घेऊन उभी होते, माझं ठोकणंच चुकतंय असं पुटपुटत. तू लिहिलेला महिनाअखेर डोळ्यांपुढे येत होता.

इथे मला जरा मागे जाऊ दे. तू चौथीत असताना निबंध लिहिला होतास, माझे घर. त्यात एक वाक्य होतं: माझे बाबा खण तयार करतात आणि आई त्यांना मदत करते. तुझ्या बाईंनी त्याच्या खाली लाल शाईत छान लिहिलं होतं आणि आम्ही सगळे खूश होतो. मीही होते. तेव्हा खरंच मी मदतच करत होते, पॉलिशचा कागद घासायचा, गोंद कालवायचा, झाडायचं. मग सांधे कापायला लागले, कारण बाबांची नजर जवळचं धरेना. मग काचेची मापं काढायला लागले. झटक्याच्या आधीची चार-पाच वर्षं निम्मे खण माझेच होते, आणि नंतरचे सगळे. मागच्या वर्षी एकशे चाळीस गेले. मदत हा शब्द मात्र तसाच राहिला. तू फोनवर विचारतेस ना, बाबांना मदतीला कोणी मिळतं का गं? मी म्हणते, मी आहे की. तू म्हणतेस, हो, तू आहेसच, पण कामाचं माणूस.

काचवाला तुला माहीत आहे, मिशीला कलप लावणारा. तो मला वहिनी म्हणतो आणि आल्या आल्या विचारतो, साहेब कुठे? कागदावर माप मी लिहून देते, काच मी तपासते, कडा खरखरीत असली तर परत मी करते. तरी म्हणतो, 'साहेबांचं माप कधी चुकत नाही हो वहिनी. तुम्ही फक्त शाई वाया घालवता.' चेष्टा असते ती, मीही हसते. आणि संग्रहालयाच्या बाई आल्या की त्यांना पुढच्या खोलीत बाबांसमोर बसवायचं, नवा खण बाबांच्या मांडीवर ठेवायचा. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, 'तुमच्या हाताला अजून तोड नाही.' बाबांनी मान डोलावली आणि डाव्या हाताने खणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मी चहा घेऊन आले तेव्हा माझ्या बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे होते. बाईंनी ते पाहिले असं मला वाटलं. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, आणि त्याबद्दल मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. आजारी माणसाकडून एवढं एक काय काढून घ्यायचं, असं वाटायचं.

आता गुरुवारचं ऐक. काचवाला सहा काचा घेऊन आला आणि पहिली त्याने बेंचच्या पट्ट्यांवर टेकवली. ती घसरली. मोठी काच, सपाट जागा, आणि ती अशी निघाली जशी कोणी ढकलली. त्याने पोटाने अडवली म्हणून वाचली. घाम पुसत म्हणाला, 'वहिनी, इथे काय तेल ओतता का? माझा जीव जायचा.' तो गेल्यावर मी पट्टीवर तळहात ठेवला. तेल नव्हतं, मेण होतं. गोंद ओघळून खाचेत वाळला की नट सरकत नाही, म्हणून दर शनिवारी सगळ्या खाचांतून आणि पट्ट्यांच्या पाठीवरून मेणाचा खडा फिरवायचा, वरून फडक्याने घासायचं. बेंच झाल्यापासून हा नेम आहे. किल्लीने आवळलेल्या बोल्टला मेणाचं काही वाटत नाही, तो एवढा जोर लावतो की मेण पिळून निघतं. या क्लॅम्पचा जोर बेताचा, तो पट्टीच्या पाठीला घट्ट धरून राहण्यावर चालतो. मेणावर तो काय धरणार? मला हे दोन दिवस सुचलं नाही. इतक्या वर्षांची सवय, मेण लावलेलं दिसतच नाही मुळी.

मी स्पिरिट आणलं, तुझा जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि एकेक खाच साफ केली. शुक्रवारची सकाळ त्यात गेली. मग पुन्हा क्लॅम्प लावले, पुन्हा ठोकलं. लाल दांड्याचा अजूनही किंचित हलतो, ठोक्याने त्याचा सांधाच मागे येतो. दांडीचा आणि गोल मुठीचा, दोन्ही तसूभर हलले नाहीत. एका मापावरून दुसऱ्यावर जायला मला चार मिनिटं लागली, गुण्या लावण्यासकट. दिवेलागणीपर्यंत मी नऊ खण बांधले. एवढे एका दिवसात कधी झाले नव्हते. आणि ठमे, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की दांडीचा क्लॅम्प माझ्या हाताला बसत नाही. दांडी लांब आहे, ती बाबांच्या पंजासाठी निवडलेली आहे. मला ती दाबायला दोन्ही हात लागतात आणि खांद्यात कळ येते. गोल मुठीचा मात्र माझ्या मुठीत अगदी बसतो. बाबांना जो जमला नाही तोच. मागवताना तू एकच हात मोजला होतास. ही तक्रार आहे, आणि मी ती लपवत नाही.

संध्याकाळी मी आनंदात बाबांना सांगायला गेले. हे वाक्य लिहिताना माझंच मला नवल वाटतं, पण गेले. म्हटलं, अहो, क्लॅम्पमध्ये काही खोट नव्हती, मेणाने घसरत होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, 'हो.' नुसतं हो. मला कळायला वेळ लागला. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर म्हणाले, 'मेण कोणी लावायला शिकवलं तुला?' मी म्हटलं, मग मंगळवारी बोलला का नाहीत? म्हणाले, 'तू विचारलं नाहीस.'

मी पलंगाच्या कडेवर बसले. मग तेच बोलले, आणि एवढं सलग ते दोन वर्षांत बोलले नव्हते. म्हणाले, मी इथे बसलेला असतो आणि मागून हातोडीचा आवाज येतो. पहिले सहा महिने वाटायचं, मी बरा होईन आणि जाईन. आता कळलंय की नाही जाणार. आवाज मात्र थांबत नाही. माझ्या वर्कशॉपला माझी गरज नाही हे मला दिवसभर ऐकावं लागतं. मुलीने बंद करायचं काढलंय तर होऊ दे बंद. तू तिला लिही की क्लॅम्प धरत नाहीत. मी म्हटलं, पण धरतात. म्हणाले, 'तरी लिही.'

मला त्यांची दया आली नाही असं नाही. आली. पण तिच्यापाठोपाठ दुसरंही काही आलं आणि ते अजून गेलेलं नाही. तो आवाज त्यांना माझा कधी वाटलाच नाही. ते म्हणाले, माझ्या वर्कशॉपला माझी गरज नाही. ते असंही म्हणू शकले असते, की तुला माझी गरज नाही. निदान त्यात मी असते. त्यांना बंद करायचा होता तो एक आवाज, आणि त्यासाठी त्यांनी मला भर दुपारी बारा क्लॅम्प लावू दिले, एकेक सरकताना बघितला आणि वाकडा खण माझ्या हातात राहू दिला. मी स्वतःलाच बोल लावत होते, की माझं ठोकणंच चुकतंय. ते समोर बसून ऐकत होते.

तेव्हापासून आम्ही लागेल तेवढंच बोलतो. जेवण वेळेवर होतं, औषधं वेळेवर होतात, हाताचा व्यायाम मी रोज करून घेते. मोजून वीस वेळा मूठ उघडायची, वीस वेळा मिटायची. ते मोजतात, मी धरते. आणि रोज एकदा विचारतात, 'लिहिलंस का ठमीला?' मी म्हणते, लिहिते आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हवंच असेल तर देते. हो, बाबांना दोन प्रकार डाव्या हाताने जमतात, आणि त्यातला एक टिकतोही. पण ते त्यावर काम करणार नाहीत. तू कितीही चांगला क्लॅम्प शोधलास तरी करणार नाहीत. आणि वर्कशॉप चालू आहे. ते त्यांच्यामुळे चालू नव्हतं, त्यामुळे त्यांच्यामुळे बंद व्हायचंही कारण नाही. संग्रहालयाच्या बाईंना मी काल स्वतः फोन केला. सांगितलं, की खण मी करते, गेली दोन वर्षं मीच करते आहे. त्या म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं, पण तुम्ही दोघं काही बोलत नव्हता म्हणून.' म्हणजे बघ, बाहेरच्या बाईला वाटलं होतं. पुढच्या साठ खणांचं काम त्यांनी माझ्या नावावर लिहून घेतलं. गोल मुठीचे आणखी चार क्लॅम्प मी मागवले आहेत. दांडीचे आणि लाल दांड्याचे खोक्यात परत बांधून ठेवलेत, तुझ्या पत्त्यावर पाठवते.

आता हे पत्र आजच का टाकते आहे ते सांगते. बाबांनी माझ्या पत्राची वाट पाहिली नाही. मी बाहेर गेले असताना त्यांनी बेंच आणि करवत विकत न्यायला एका माणसाला फोन केला, आणि तो येत्या शनिवारी टेम्पो घेऊन येणार आहे. मला हे त्या माणसाकडूनच कळलं. वेळ पक्की करायला त्याने घरी फोन केला आणि तो मी उचलला. मी विचारलं, कोणी ठरवलं हे? तो म्हणाला, साहेब म्हणाले, मुलीने ठरवलंय, घरात आता तिचाच शब्द चालतो. तू असं काही ठरवलेलं नाहीस हे मला माहीत आहे. तू एक चिठ्ठी लिहिली होतीस, ती त्यांनी वापरली. शनिवारी मी त्याला दारातूनच परत पाठवणार आहे. बाबा खुर्चीतून सांगतील, की हिचं ऐकू नका, मुलीला विचारा, आणि तो माणूस तिथल्या तिथे उभा राहून तुला फोन लावेल. टेम्पोचं भाडं त्याच्या डोक्यावर असेल, म्हणून तो घाईत असेल आणि सरळच विचारेल, की बाई, वर्कशॉप नक्की कोणाचं? फोन मोठ्या आवाजावर असेल, आम्ही दोघंही ऐकत असू. मी तुला काय बोलायचं ते सांगत नाही. एवढंच, की त्या वेळी 'आईबाबा, तुम्ही आपसात ठरवा' असं म्हणू नकोस.

तुझीच,
आई